आप्पांचे चौदा कोअर

आप्पांची प्रोस्टेटची बायोप्सी वसुबारसेला झाली. २८ ऑक्टोबर २०२४, सोमवार. तारीख पाठ आहे कारण तिथून पुढचे अकरा दिवस मी कॅलेंडर आणि फोन सोडून दुसरं काही बघितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले आठवडाभरात रिपोर्ट येईल, आणि मग स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, मधे दिवाळी आहे नाही का, एक तारखेला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, थोडं पुढंमागं होईल. पुढंमागं म्हणजे पुढंच. मागं कधी काय होत नाही.

आप्पा ७१ वर्षांचे, आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. उद्यमबागेत एका फाउंड्रीत ३४ वर्षं कोअर शॉपला होते, रोज सायकलने येजा, रिटायर झाले तरी सायकल सुटली नाही. दूध आणायला सायकल, शेताला सायकल, वडगावला बाजाराला सायकल. रात्री चार-पाच वेळा उठतात हे आईला माहीत होतं पण आईला वाटायचं वय झालं आणि आप्पांना वाटायचं पाणी जास्त झालं. मला पुण्यात बसून काय कळणार, आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस काय", "पाऊस हाय काय तिकडं", "ठेवतो गे". मग उन्हाळ्यात एका लग्नाला निपाणीला गाडीने निघालो तर पोचेपर्यंत तीनदा गाडी थांबवायला लावली, आणि तिसऱ्यांदा झुडपामागून परत यायला इतका वेळ लावला की दादा उतरून बघायला गेला. परत येऊन दोघंही गप्प. दादा गोव्यात वेर्ण्याला नोकरीला, तो लग्न आटोपून तसाच चोर्ल्याच्या रस्त्याने गेला पण रात्री मला फोन करून म्हणाला, तू जरा बघ, माझ्याशी ते बोलणार नाहीत. माझ्याशी तर त्याहून बोलणार नव्हते, मी मुलगी.

पहिली पीएसए टेस्ट, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, ९.८ आली, जास्त. डॉक्टरांनी लगेच काही ठरवलं नाही, प्रोस्टेट वयानुसार मोठी होते, इन्फेक्शन असतं, तेवढ्यानेही आकडा चढतो म्हणाले. अँटिबायोटिकचा कोर्स, लघवी मोकळी व्हायला टॅमसुलोसिन, आणि दीड महिन्याने परत टेस्ट. टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल बंद, कारण सीटचा दाब तिथंच पडतो आणि त्यानेही आकडा थोडा हलू शकतो. हे ऐकून आप्पांचा चेहरा खुलला. झालं, सायकलच कारण! आता ह्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षं सायकल मारलीय म्हणजे सगळा हिशोब लागला, आईलाही पटलं, मलाही पटवून घ्यायचं होतं. सायकल दोन दिवस नाही, आठ दिवस गोठ्यात उभी केली. दुसरी टेस्ट ११.४. मग एमआरआय, त्यात एक जागा दिसली, तिला चार नंबर दिला होता. पाचपैकी चार, म्हणजे शंका बऱ्यापैकी. शाळेत चार मिळाले असते तर पेढे वाटले असते.

घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही. आई म्हणायची "तसलं काय नसंल न्हवं?" तसलं. आमच्या घरात दोन-तीन महिने ह्या एका शब्दावर गेले. तसलं असतं तर भूक मेली असती, तसलं असतं तर वजन उतरलं असतं, आपल्या अमक्याला तसलं झालं तर त्याचं बघ कसं झालं. मी इंटरनेटवर वाचून सांगायला गेले की हे सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही तर आई उठून चुलीकडं गेली.

बायोप्सीच्या आधी रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली होती (हे स्वतःच्या मनाने करू नका, आप्पा करणार होते). सकाळी अँटिबायोटिक. आत जायच्या आधी डॉक्टर मराठी-कन्नड-इंग्लिश मिसळून समजावत होते, मागच्या वाटेने अल्ट्रासाऊंडचा प्रोब घालणार, जागा बधिर करणार, सुईने तुकडे घेणार. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू जरा भायेर थांब." मी थांबले. दाराबाहेर वॉर्डातला मामा आप्पांना ओळखीचं असल्यागत विचारत होता, "यजमान्र, हेंग अदीर्री?" (कसे आहात?) आणि आतून आप्पांचा आवाज, "आराम अदीन्री." आप्पांचं कन्नड फर्स्ट क्लास आहे. कोअर शॉपला निम्मी माणसं बैलहोंगल, सौंदत्तीकडची, त्यांच्याशी ३४ वर्षं बोलून आलेलं. आणि हाच माणूस दर वर्षी १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, काळे कपडे घालून काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जातो. बाहेरच्यांना ह्याचा मेळ लागत नाही. आम्हाला त्यात काही मेळ लावायचं आहे असं कधी वाटलंच नाही.

अर्ध्या तासात बाहेर आले. पाय थोडे फाकून चालत होते, पण चेहऱ्यावर काहीतरी गंमत सापडल्यासारखं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "काय म्हणत हुते म्हाईत हाय? कोअर. ट्वेल्व कोअर घेतले म्हणे, वर आणि दोन." मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, सुईतून जो बारीक दोऱ्यासारखा तुकडा निघतो त्याला हे लोक कोअर म्हणतात. बारा ठरलेल्या जागांचे आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतले दोन, एकूण चौदा. आणि आप्पांनी आयुष्यभर कोअरच केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंग आतून पोकळ पाहिजे असेल, समजा पंपाची बॉडी, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर साच्यात बसवतात, वितळलेल्या धातूचा रस त्याच्या भोवतीनं भरतो, गार झालं की कोअर फोडून काढायचा. वाळूत सिलिकेट मिसळून कोअर बॉक्समध्ये ठोकायचं, वरून कार्बन डायऑक्साइडचा गॅस सोडायचा, काही सेकंदात दगडागत होतं. लहानपणी डबा द्यायला गेटवर जायचे तेव्हा आप्पांच्या भुवयांवर ती वाळू असायची.

"आमचा कोअर काढला की पोकळी होती," आप्पा म्हणाले. "ह्यांनी आधीच्या पोकळीतनं जाऊन कोअर काढला." आणि हसले, मग सीटवर सरकताना दुखलं म्हणून थांबले. त्या दिवसानंतर आमच्या घरात बायोप्सी हा शब्द गेला. कोअर आले काय? कोअरचं काय झालं? आईसुद्धा कोअर म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, संध्याकाळी त्यांना कणकण वाटायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं की ताप १०१ च्या वर गेला, थंडी वाजली किंवा लघवी अडकली तर कुणाला विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला या, कारण मागच्या वाटेने सुई गेली की इन्फेक्शन रक्तात जायचा धोका थोडा का होईना असतो. थर्मामीटर ९९.४. दर तासाला बघत होते. अकराला ९९.६, बाराला ९९.२. आप्पा वैतागले, "कोअर ओव्हनचं टेंपरेचर बघायलीस काय?" रात्री दोनला ते बाथरूमला उठले तर मी दाराशी. फ्लश करायच्या आधी मला बघायचं होतं कारण गुलाबी असेल तर ठीक, गाठी पडत असतील तर कळवायचं होतं, पण बापाला असं कसं सांगायचं, की फ्लश करू नका मला बघू द्या? दाराबाहेरून मी विचारलं, "आप्पा, रंग कसा हाय?" आत शांतता. मग आवाज आला, "कोकम सरबत. पातळ." मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. चार वाजता ९८.४ झालं.

वीर्यातही काही आठवडे रक्त दिसू शकतं, लालसर नाहीतर तपकिरी, आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. हे डॉक्टरांनी मला बाहेर थांबवून आप्पांना सांगितलं असणार, मला कागदावर वाचून कळलं. इथं मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडं बाप हे मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही, आणि मग एकटाच रात्रभर घाबरून बसतो.

शुक्रवारी १ नोव्हेंबर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि काळा दिन एकाच दिवशी. सायकल अजून बंद. सकाळी आप्पांनी काळा शर्ट घातला, अंगणात आले, गोठ्यातल्या सायकलकडं बघितलं. शेजारचे चौघं बोलवायला आले होते, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न, कारण गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार तोवर आप्पा म्हणाले, "मूळव्याध हाय." चार जण एकदम "हां हां" म्हणाले आणि चौघांनी चार औषधं सांगितली. मूळव्याध कशी, सगळ्यांना असते, तिची लाज नाही. मग मी म्हटलं स्कूटीवर सोडते तर ते नको म्हणाले. "फेरीला पोरीच्या मागं बसून जाऊ काय?" दिवसभर काळाच शर्ट घालून अंगणात बसले, संध्याकाळी पूजेला आईने बदलायला लावला.

पण त्यांना अंगणात बसवलं ते बरंच झालं, कारण भाच्याचा किल्ला चालू होता. आमच्याकडं दिवाळीला पोरं किल्ला करतात आणि येळ्ळूरच्या पोराने कुठला किल्ला करायचा, समोर राजहंसगडच दिसतो. नऊ वर्षांचा पोरगा, त्याला वर शिवाजी महाराजांचा पुतळा पण पाहिजे होता, कारण आता गडावर पुतळा आहे. (त्याचं उद्घाटन २०२३ साली दोनदा झालं, एकदा सत्तेतल्यांनी केलं आणि तीन दिवसांनी विरोधकांनी, आमच्याकडं सगळंच डबल.) बुरूज सारखा ढासळत होता. आप्पांना उकिडवं बसता येत नव्हतं, खुर्चीवर उशी टाकून बसले आणि तिथूनच सुपरवायझरी सुरू. माती चाळून घे. पाणी एवढं नको, मुठीत दाबून बघ, बोटांचा ठसा राहतोय काय, मोडल्यावर धारदार मोडतीय काय, मग झाली माती. पत्र्याचा डबा घे, माती थराथरानं ठोक, उलटा कर, बाजूनं टकटक कर, सरळ उचल. बुरूज उभा राहिला. पोरगं किंचाळलं. आप्पांनी त्या तीन दिवसांत नऊ बुरूज करून घेतले आणि त्या वेळात एकदाही बाथरूमला उठले नाहीत, मी मोजत होते.

मी चुकले कुठं ते पण सांगते. मला वाटत होतं त्यांच्याशी बोलायला पाहिजे. रोज रात्री मी त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसायचे आणि, आप्पा टेन्शन घेऊ नका, आजकाल ट्रीटमेंट चांगली आहे, हळू वाढणारा प्रकार असतो, काही जणांना तर ऑपरेशनही लागत नाही, नुसती नजर ठेवतात, असं सगळं. खरं होतं ते. पण तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "तू मला सांगायलीस का सोताला?" आणि कूस बदलून झोपले. मला राग आला. पुण्याहून रजा टाकून आले, रात्र रात्र जागते, आणि वर हे. सकाळी आईजवळ तक्रार केली तर आई शंकरपाळ्या तळता तळता म्हणाली, त्यास्नी बोलायचं असलं की ते शेतात बोलतात, घरात कधी बोललेत काय?

भाऊबीजेला आत्या आल्या. आत्यांना मूळव्याध पटली नाही, तासाभरात सगळं काढून घेतलं आणि मग सल्ले. मिरजेला न्या. मिरजेला कशाला, कोल्हापूरला न्या. आत्यांच्या मिस्टरांनी तर, सुई लावली की तसलं पसरतं, तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं, असं आप्पांच्या देखत म्हटलं. आप्पा काही बोलले नाहीत, पण लाडू अर्धा ठेवला. त्यानंतर मी डॉक्टरांना फोन केला, स्पीकरवर टाकला, आणि तेच विचारलं. डॉक्टर हसले नाहीत हे मला आवडलं. म्हणाले, हे मला रोज कुणीतरी विचारतं, सुईने पसरेल ही भीती धरून टेस्ट टाळू नका, टाळलं तर जे असेल ते आपल्या वेगानं वाढतच राहणार. आप्पांनी ऐकलं. उरलेला लाडू खाल्ला की नाही ते बघितलं नाही.

सोमवारी ४ तारखेला मी काउंटरला उभी. "इन्नू बंदिल्ल री." अजून आला नाही. मला कन्नड बोलायला जमत नाही पण बंदिल्ल (नाही आला) आणि बंदैत (आला) ह्यातला फरक त्या आठवड्यात कानाला असा लागला की पुढच्या माणसाच्या रिपोर्टचंही मला काळजात धस्स व्हायचं. मंगळवारी परत. "नाळे बर्री." उद्या या. मी जरा आवाज चढवला तेव्हा आतून एक पोरगी आली आणि तिनं सांगितलं की एका तुकड्याला आणखी एक स्टेन, म्हणजे तपासणीचा रंग, लावायला दिलाय, दोन-तीन दिवस जातील. हे फोन करून आधी सांगता आलं असतं की नाही? माणूस तिकडं काय काय कल्पना करत बसलेला असतो. मी तिथंच पायरीवर बसून वाचलं, तुकडे फॉर्मलिनमधून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात, मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पेशींची रचना बघतो, आणि एखाद्या जागी नक्की सांगता येत नसेल तर वेगळे स्टेन मागवतो. म्हणजे उशीर वाईटच असतो असं नाही. हे वाचून मला बरं वाटलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, म्हणजे तसलं असणारच, नाहीतर कशाला परत बघतील.

बुधवारी सकाळी आप्पा म्हणाले, "भात बघून येऊ." स्कूटीवर मागं उशी घेऊन बसले, रस्त्याने दोन-चार जणांनी उशी बघितली, मूळव्याधीची बातमी पक्की झाली. आमचं वीस गुंठे, बासमती. लोंब्या वाकल्या होत्या, एका कोपऱ्याला पावसानं आडवं पडलेलं. बांधावर बसलो. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. अर्धा तास काहीच नाही, नुसत्या चिमण्या, आणि लांब कुणाच्या तरी शेतात मशीन चालू. मग एकदम म्हणाले, "आमच्यात एक मोल्डर हुता. त्याला हेच झालं. त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, लघवीचं काय सांगायचं म्हणून. पाठ दुखती म्हणून दवाखान्यात गेला तर हाडात गेल्तं." थोड्या वेळानं, "मी तुला रंग सांगितला की."

मी म्हटलं, "सांगितला की."

"कोकम म्हणालो."

"पातळ."

एवढंच. मग त्यांनी एक लोंबी खुडली, दाणा नखानं फोडून बघितला, आठवडाभरात कापायला येतंय म्हणाले.

शुक्रवारी ८ तारखेला "बंदैत्री" ऐकू आलं. पाकीट मी उघडलं नाही, म्हणजे उघडलं, पण दुसरं पान बघून बंद केलं. डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं, आणि ह्या वेळी आप्पा "भायेर थांब" म्हणाले नाहीत. चौदापैकी तीन तुकड्यांत कॅन्सर आहे. दोन त्या शंकेच्या जागेतले, एक शेजारचा. ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, तीन अधिक चार, सात. पहिला आकडा सगळ्यात जास्त दिसलेल्या रचनेचा, दुसरा त्याच्या खालचा, म्हणून तीन-चार आणि चार-तीन ह्यांची बेरीज एकच असली तरी तीन-चार बरा. ग्रेड ग्रुप पाचपैकी दोन. आता एक पीएसएमए पेट स्कॅन करून बाहेर कुठं गेलंय का बघायचं, मग ऑपरेशन की रेडिएशन ते ठरवू, घाईनं उद्याच काही करायची गरज नाही. दुसरीकडं दाखवायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉक (ते मेणाचे ठोकळे) मागून घ्या, तिकडचा पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघेल. आत्यांची मिरज मनात आली. मी लिहून घेत होते, अक्षर माझं मलाच लागत नव्हतं.

आप्पांनी विचारलं, "चौदात तीन रिजेक्ट?"

डॉक्टरांना कळलं नाही, मी सांगितलं, फाउंड्रीत होते. आप्पा म्हणाले, "सुपरवायझर बोंबलला असता. पण तेवढ्यासाठी लॉट फेकून दिला नसता."

गाडीत बसल्यावर दादाचा फोन आला. मी घेणार तर त्यांनीच घेतला. "व्हय," म्हणाले, "तसलंच हाय." आणि मग लगेच, "तू कापणीला येणार काय न्हाई ते सांग."

स्कॅनची तारीख १४ मिळाली होती. १४ ला भात कापायला माणसं सांगितलेली. आमचं भांडण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात होत नसेल असं झालं, मी म्हटलं भात थांबेल, ते म्हणाले भात थांबत नाही, दाणा गळतो, हे चार दिवस थांबतंय असं तुझ्याच डॉक्टरनं सांगितलं. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल. मग मी स्कॅन सेंटरला फोन लावला, समोरची बाई कन्नडमधून बोलायला लागली, मी अडखळले तर आप्पांनी हातातून फोन काढून घेतला आणि पाच मिनिटं बोलले, मधे दोनदा हसले पण. अठरा तारीख करून घेतली.

"काय बोलला एवढं?" मी विचारलं.

"तिच्या घरी बी सुगीच हाय," म्हणाले.